हा 'सर्व्हिस होस्ट' कोण, आणि माझा डेटा का खातोय?

मोबाइलच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला की तासाभरात दिवसाचा दीड जीबी फस्त होतो. टास्क मॅनेजरमध्ये 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या वीस-पंचवीस ओळी दिसतात. व्हायरस शिरला का? – एक वाचक, चिपळूण

बहुधा नाही. सर्व्हिस होस्ट हा विंडोजचा हमाल. डोक्यावरचं ओझं दुसऱ्याचंच असतं. 2017 पासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर विंडोज 10 जवळजवळ प्रत्येक सेवेला, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या कामाला, वेगळा हमाल देतं, म्हणून ही गर्दी.

ओझं कोणाचं ते पाहायचं तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये 'रिसीव्ह'वर क्लिक करा. सगळ्यात वर जो येईल त्याचा पीआयडी, म्हणजे शेजारचा आकडा, कागदावर टिपा. मग टास्क मॅनेजरच्या 'सर्व्हिसेस' टॅबमध्ये तोच आकडा हुडका. तिथे खरं नाव सापडतं. बरेचदा ते विंडोज अपडेट नाहीतर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन निघतं. हा दुसरा जरा आगाऊ: इंटरनेटवरच्या संगणकांशी देवाणघेवाणीची परवानगी चालू असेल, तर तुमच्याकडे उतरलेले अपडेट तो परक्यांनाही वाटतो, तुमच्या डेटातून! सेटिंगमध्ये ती परवानगी बंद करा. हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे मोठे अपडेट बहुतेक वेळा थांबून राहतात.

पण व्हायरस हेच नाव घेऊन बसला असेल तर? – एक वाचक, सातारा

बसतो कधीकधी. ओळीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा सर्व्हिस होस्ट विंडोजच्या 'सिस्टिम32' फोल्डरमध्ये राहतो. फाइल डाउनलोड्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये सापडली, किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये (खरं svchost.exe) दोन अक्षरांची अदलाबदल दिसली, तर नेट तोडा आणि विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, डिफेंडरचं, ऑफलाइन स्कॅन लावा. एक मात्र करू नका: संशय आला म्हणून दिसेल त्याला 'एंड टास्क'. खऱ्या हमालाला मारलं तर कधी आवाज जातो, कधी वायफाय.

मॅकवर 'एनएसयूआरएलसेशनडी' नावाचं काहीतरी सारखं डाउनलोड करतंय. – एक वाचक, पुणे

तोही हमालच, ॲपलचा. ॲप आपली डाउनलोडं याच्याकडे सोपवतात. बंद केलात तरी पुन्हा उभा राहतो. आयक्लाउड फोटोज आणि ॲप स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट थांबवून बघा. मॅकओएस व्हेंचुरा किंवा पुढचं असेल तर त्या वायफायपुरता 'लो डेटा मोड' लावा.

'सिस्टिम', पीआयडी 4, याच्या नावावर प्रचंड वापर दिसतो. हे काय? – एक वाचक, कोल्हापूर

त्या वेळी घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या शेअर्ड फोल्डरमधून लग्नाचे फोटो वगैरे कॉपी होत होते का? विंडोजमध्ये ही ने-आण 'सिस्टिम'च्याच खात्यावर पडते. ती घरातल्या राउटरपर्यंतच जाऊन परत येते, प्लॅनमधला एक एमबीही त्यात जात नाही.