पीआरची वाट पाहताना ज्योतिषाला विचारावे का?

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका ख्रिस्ती वाचक भगिनींनी कळवलेली अडचण थोडक्यात अशी आहे. पीआरचा, म्हणजे कॅनडात कायमच्या वास्तव्याच्या परवानगीचा, अर्ज दीर्घकाळ रखडला आहे, यजमानांच्या वर्क परमिटची मुदत संपत आली आहे आणि महाराष्ट्र मंडळातील एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून यजमानांनी पुण्यातील एका ज्योतिषांना व्हिडिओ कॉलवर आपली जन्मवेळ व जन्मस्थळ कळवले. साडेसाती चालू आहे, शांत करावी लागेल आणि नीलम घालावा लागेल, असे उत्तर मिळाले. नगरला असलेल्या सासूबाईंनी हे कळताच उपास धरला. यजमान म्हणतात, ‘नुसते विचारले तर काय बिघडले?’ आणि शाळेत जाणारी मुलगी, जी फोनवर टॅरोची, म्हणजे भविष्य पाहण्याच्या पत्त्यांची, पाने उलटून पाहते, ती विचारते की बाबांना चालते तर मला का चालत नाही.

जय ख्रिस्त. ‘ज्योतिष खोटे असते’ हे आपल्याकडील ख्रिस्ती घरांत सर्रास दिले जाणारे उत्तर मी येथे देणार नाही, कारण पवित्र शास्त्राचा मुख्य आक्षेप तो नाही. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना विचारणारे यांची जी यादी येते, ती इस्राएल लोक एका नव्या देशात पाऊल ठेवण्याच्या बेतात असताना दिलेली आहे. त्याच ग्रंथाचा 13वा अध्याय तर असे बजावतो की एखाद्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात फिलिप्पै येथील जी दासी भविष्य सांगून आपल्या धन्यांना मोठी मिळकत करून देत असे, ती प्रेषित पौलाविषयी जे ओरडून सांगत होती ते अक्षरशः खरे होते, तरीही पौलाने तिच्यातील आत्म्याला घालवून दिले. धन्यांना राग आला तो कमाई बुडाली म्हणून, आणि त्यापायी पौल व सीला यांना फटके खाऊन तुरुंगात जावे लागले. तेव्हा ‘त्यांचे सांगणे खरे ठरले’ हा अनुभव आपल्या यजमानांना उद्या आला, तरी त्याने प्रश्न सुटत नाही. आपण कोणाच्या दारी विचारायला गेलो, हा प्रश्न उरतोच.

यजमानांची मनःस्थिती समजून घ्यायची असेल तर 1 शमुवेलचा 28वा अध्याय दोघांनी मिळून सावकाश वाचावा. भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून घालवून देणारा इस्राएलचा शौल राजा शत्रू असलेल्या पलिष्ट्यांची छावणी पाहून हादरतो, परमेश्वराला विचारतो, पण त्याला स्वप्नांतून, उरीमकडून (याजकाकडील कौल घेण्याचे साधन) किंवा संदेष्ट्यांकडून काहीच उत्तर मिळत नाही, आणि मग तो वेष पालटून रात्री एन-दोर गावच्या, मृतांना विचारणाऱ्या स्त्रीकडे जातो. मोहापेक्षा उत्तर न मिळणे असह्य झाल्यामुळे तो तिथे पोचतो. ‘अर्ज प्रक्रियेत आहे’ हे एकच वाक्य महिनोन्महिने पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला ही अवस्था परकी नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: शास्त्र त्या स्त्रीच्या विद्येचा निषेध करते, परंतु गळून गेलेल्या राजासाठी तिने वासरू कापले, भाकरी भाजल्या आणि त्याला आग्रहाने जेवू घातले, हेही ते सांगायला विसरत नाही. मंडळातल्या ज्या स्नेह्यांनी ज्योतिषी सुचवले, त्यांच्याशी वागताना हे लक्षात ठेवावे. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे मदतच केली. ‘आमच्या श्रद्धेत हे बसत नाही, पण तुम्ही आमची काळजी केलीत याबद्दल आभारी आहोत,’ एवढे सांगणे पुरे. त्यांच्या पंचांगाची टिंगल तर मुळीच करू नये. दिवाळी कोणत्या तारखेला येते हे पंचांगात पाहणे ही कालगणना आहे, भविष्यकथन नव्हे.

आता परदेशातील कुटुंबांसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 29व्या अध्यायाचे 11वे वचन, हिताचे संकल्प आणि आशेचा भावी काळ देणारे, आपल्यापैकी अनेकांच्या फ्रिजवर लावलेले असते. ते वचन एका पत्रातले आहे आणि ते पत्र इ. स. पू. 597 मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर बाबेलला नेलेल्या लोकांना, म्हणजे परमुलखात दिवस काढणाऱ्या कुटुंबांना, लिहिलेले आहे. बाबेल ही मेंढ्यांच्या यकृतावरून आणि आकाशातील ग्रहताऱ्यांवरून शकुन सांगणाऱ्या पंडितांची भूमी होती. फ्रिजवरच्या वचनाच्या तीनच ओळी आधी, 8व्या वचनात, परमेश्वर सांगतो की तुमच्यातील संदेष्टे व दैवज्ञ यांना तुम्हांला भुलवू देऊ नका. हे वचन मात्र कोणाच्या फ्रिजवर मी पाहिलेले नाही. त्याच्याही आधी, भविष्य विचारण्याऐवजी काय करावे ते स्पष्ट लिहिले आहे: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, मुलेबाळे होऊ द्या आणि ज्या नगरात तुम्हांला आणले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

त्याआधीचा 28वा अध्याय आपल्याला अधिक झोंबणारा आहे. दोन वर्षांत सगळे बंदिवान परत येतील, असे हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले, आणि तेही परमेश्वराचे नाव घेऊन. यिर्मयाने सांगितलेली मुदत 70 वर्षांची होती. लोकांना कोणाचे बोलणे गोड वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. म्हणून सासूबाईंनाही एक नम्र विनंती आहे: ज्योतिषी नको म्हणून, ‘मार्चच्या आत व्हिसा होईल असे मला दर्शन झाले’ असे झूमवर सांगणाऱ्या पाहुण्या उपदेशकाकडे मुलाला वळवू नये. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्या अर्जाचा निकाल मानायचा, हाही शकुन पाहण्याचाच प्रकार आहे, फक्त पुस्तक आपले आहे. नव्या वर्षाच्या उपासनेत मिळणारे वचनाचे कार्ड पाठ करून वर्षभर मनन करण्यात काही गैर नाही, त्यावरून वर्षाचे भाकीत काढण्यात आहे.

यजमान मागी लोकांचा, म्हणजे तारा पाहून बालयेशूला शोधत आलेल्या ज्ञानी लोकांचा, दाखला देतील, तर त्याचे उत्तर लहान आहे. ताऱ्याने त्यांना यरुशलेमपर्यंत आणले, परंतु बेथलेहेमचे नाव मीखा संदेष्ट्याच्या शास्त्रलेखातून कळले. आणि ती कथा परक्यांवर झालेल्या कृपेची आहे, पत्रिका मांडण्याची परवानगी नव्हे. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरे, पण पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतर, मंडळीने पुन्हा तसे केल्याचे नव्या करारात आढळत नाही.

मुलीला उत्तर आईने नव्हे, बाबांनी द्यावे. ‘मी घाबरलो होतो म्हणून विचारले आणि ते मला करायला नको होते,’ असे वडिलांच्या तोंडून ऐकल्यावर मुलीला जे उमगेल, ते आईने फोन काढून घेतल्याने उमगणार नाही. तिला ऑगस्टीनची गोष्टही सांगता येईल. चौथ्या शतकातील हे थोर धर्मगुरू तरुणपणी ज्योतिषाच्या नादी लागले होते. एकाच घटकेला जन्मलेली दोन मुले, एक श्रीमंताघरचे आणि एक दासीचे, पुढे अगदी वेगळे आयुष्य जगली, हे ऐकल्यावर त्यांचा विश्वास उडाला.

राहिली शांत आणि नीलम यांची बाब. दोन्हींचे पैसे पाठवू नयेत, आणि पासपोर्टची किंवा अर्जाची प्रत मागितली गेली असेल तर ती मुळीच देऊ नये. कॅनडाच्या फौजदारी कायद्यातील भविष्यकथनाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीचे स्वतंत्र कलम 2018 मध्ये रद्द झाले असले, तरी फसवणूक हा गुन्हा आहेच. त्याच पैशांत परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराची किंवा वकिलाची भेट घ्यावी, वर्क परमिटच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी जाईल हे पाहावे, आणि आपल्या मतदारसंघातील खासदारांच्या कार्यालयात अर्जाची चौकशी करण्याची विनंती करावी. त्यासाठी तेथे शुल्क लागत नाही. हे फोन या आठवड्यात यजमानांनी स्वतः करावेत, आणि सासूबाईंनी उपास सोडावा की चालू ठेवावा हे त्यांच्या प्रकृतीवर व त्यांच्या इच्छेवर सोपवावे.