नऊचं गणित साडेअकराला

तुमचा मुलगा 15 चा, मुलगी 13 ची. दोघं पुण्यात तीन वर्षं घरीच शिकतायत. जुलैअखेर तुम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला उतरणार, आणि इथल्या शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडतात म्हणून आपणही तेव्हाच पूर्ण वेळापत्रक लावावं का, असं विचारलंय. लावू नका. आम्ही लावलं होतं.

सामान अजून खोक्यांत, झोपेचा पत्ता नाही, आणि मी फ्रिजवर सात विषयांचा तक्ता चिकटवला. नऊ वाजता गणित. माझा मुलगा तेव्हा 14 चा. नऊ वाजले की त्याच्या खोलीचं दार बंद. आठवडाभर रोज जुंपायची. मग डोक्यात प्रकाश पडला: उन्हाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे. इथे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात, त्याचे मित्र ग्राउंडवरून घरी येऊन फोन घेऊन बसण्याची वेळ. अख्ख्या दिवसात तेवढीच एक. गणित साडेअकराला सरकवलं, भांडण मिटलं. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा हे गणित पुन्हा मांडावं लागतं.

मागे पडण्याची भीती सोडा. पेनसिल्व्हेनियात होमस्कूलिंगचं वर्ष 1 जुलै ते 30 जून. त्यात 180 दिवस भरायचे, किंवा तास मोजायचे तर सातवीपासून पुढे 990. म्हणजे सप्टेंबर संथ गेला तरी काही बिघडत नाही. कागद मात्र आधी. घरी शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटकडे, म्हणजे भागातल्या सरकारी शाळांच्या प्रमुखाकडे, अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, पुढच्या वर्षापासून दरवर्षी 1 ऑगस्टपर्यंत. शिकवणाऱ्या पालकाचं शिक्षण किमान बारावी लागतं, तेव्हा स्वतःचं बारावीचं सर्टिफिकेट आणि मुलांच्या लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा.

अ‍ॅफिडेव्हिटसोबत विषयवार उद्दिष्टं जोडायची असतात. ती मुलांनाच लिहू द्या. मोठ्या मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. आईने ठरवलेला अभ्यास टाळता येतो, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला टाळताना जरा लाज वाटते.

पहिले दहा दिवस फक्त वाचन आणि भटकंती. पिट्सबर्गच्या ओकलंड भागात कार्नेगी लायब्ररी आहे, तिला लागूनच नॅचरल हिस्टरी म्युझियम. बाहेर डिप्पी नावाच्या डायनासोरचा पुतळा उभा आहे, थंडीत त्याला मफलर गुंडाळतात. मग ज्याला जो विषय आवडतो तो आधी, नावडता सगळ्यात शेवटी. आठवड्याला एक विषय वाढवत आमची गाडी सप्टेंबरअखेर रुळावर आली.

रोजची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तीन ओळी पुरतात. इथे आगीपासून बचाव हाही दरवर्षी शिकवायचा सक्तीचा विषय आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या आमटीच्या फोडणीने स्मोक अलार्म बोंबलायला लागला. लेकीने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला, खिडक्या उघडल्या, आणि वहीत लिहिलं: आज अग्निसुरक्षा, प्रात्यक्षिकासह. वर्षअखेर वह्या तपासणाऱ्या इव्हॅल्युएटर बाई त्या पानावर थांबून हसल्या होत्या.

खरी अडचण अभ्यासाची नसून मित्रांची असते. या वयात सोबत तुटली की मुलं आपल्याशीही बोलेनाशी होतात. इथल्या कायद्याने घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या खेळांत, वाद्यवृंदात भाग घेता येतो, आणि 2023-24 पासून शाळेच्या दिवसाच्या पाव भागापर्यंत तासांनाही बसता येतं. सीझनल खेळांची नावनोंदणी लवकर आटोपते, म्हणून अभ्यास नंतर, पण ही चौकशी आल्या आल्या करा. माझा मुलगा धावण्याच्या टीममध्ये गेला आणि सकाळचे फोन आपोआप कमी झाले. मला जरा वाईटच वाटलं.

लेकीला आठवीत धरलंत तर तिला वाचन-भाषा आणि गणिताची प्रमाणित चाचणी द्यावी लागेल. ती आईवडिलांनी घेतलेली चालत नाही, त्यामुळे हिवाळ्यातच कोणाला तरी गाठून ठेवा. दहावीतल्या दादाला ती नाही, यावरून घरात आठवडाभर कुरकुर होईल.