दहा सेंटांना एक शिंगरू

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला घोड्यांचं वेड आहे. परवा एका जुन्या फोटोत त्याला खोगिराजवळ उभा, कमरेला पिस्तूल आणि हातात बंदूक असलेला एक कृष्णवर्णीय काऊबॉय दिसला. तेव्हापासून तो भंडावून सोडतोय. गुलामगिरी संपल्यावर अशी पोरं काऊबॉय कशी झाली? निदान घोड्यावर तरी ती गोऱ्यांच्या बरोबरीची होती का? त्याला वाचायला काय देऊ?

उत्तर : ‘झाली’ म्हणण्यापेक्षा बरीचशी आधीपासून होतीच. फक्त पगार नव्हता. १८६०च्या जनगणनेत टेक्सासमध्ये १ लाख ८२ हजारांवर गुलाम होते आणि त्यांतले कित्येक मालकाची गुरं राखत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मालक लढायला गेले, गुरं मोकाट सुटली आणि वाढत गेली. युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात चारेक डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेच्या बाजारात चाळीसपर्यंत जात होतं. मग काय, कळप हाकत उत्तरेला न्यायचे. त्याला माणसं हवीत, आणि काम जाणणारी माणसं समोरच उभी होती. गोऱ्यांनी ठेवलं ते दयेपोटी नव्हे, अडलं म्हणून.

पोरांना तरी दुसरं काय होतं? १९ जून १८६५ला टेक्सासातल्या गॅल्व्हस्टन गावात गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम निघाला. त्याच हुकुमात ‘आहात तिथेच गुपचूप राहा, मजुरीवर काम करा’ असा सल्लाही होता! पुढच्याच वर्षी टेक्सासने कायदा केला, त्यात अल्पवयीन मुलांना एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून कुणाच्या तरी हाताखाली बांधून ठेवता येत असे. अशा वेळी घोड्यावर बसता येणं म्हणजे निघून जाता येणं.

तुमच्या मुलाने पाहिलेला फोटो बहुधा नॅट लव्हचा असावा. टेनेसीत १८५४ साली गुलाम म्हणून जन्मला. वडिलांनी लिहा-वाचायला शिकवलं. वडील लवकर गेले. मग शेजारच्या घोडेवाल्याकडे हा शिंगरं माणसाळवायला जाऊ लागला, एका शिंगराला दहा सेंट. खोगीर नाही, लगाम नाही. उघड्या पाठीवर झेप घ्यायची, आयाळ मुठीत धरायची आणि ते थकेपर्यंत खाली पडायचं नाही. (मी आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलो, तोही उभा असलेल्या. तेवढ्यानेच दोन दिवस मांड्या धरल्या होत्या.) पुढे सोडतीत त्याला घोडा लागला. तो त्याने मूळ मालकालाच पन्नास डॉलरला विकला. मालकाने पुन्हा सोडत काढली, तर पुन्हा यालाच लागला! दोन्ही वेळचे मिळून शंभर डॉलर. निम्मे आईच्या हातावर ठेवले आणि पंधराव्या वर्षी कॅन्ससची वाट धरली. तिथे टेक्सासहून गुरं आणलेल्या टोळीने परीक्षा म्हणून सगळ्यांत खोडकर घोडा पुढे केला. टोळीतल्याच एका कृष्णवर्णीय स्वाराने कानात चार गोष्टी सांगितल्या, पोरगा टिकला, महिना तीस डॉलरवर लागला.

हे सगळं त्याच्याच १९०७च्या आत्मचरित्रातलं. गडी तिखटमीठ लावून सांगतो. १८६९ साली कॅन्ससच्या डॉज सिटीत पोचलो म्हणतो, पण ते गाव वसलं १८७२ला! त्याच्या गोळीबाराच्या आणि बक्षिसांच्या गोष्टी मी अर्ध्याच मानतो. शिंगरांची मात्र मानतो. दहा सेंटांची बढाई कोण मारेल?

आता बरोबरीचं. कळपाबरोबर असताना पगार साधारण सारखा, जेवण एकाच गाडीवरचं, झोपायला तीच जमीन. पण बिथरलेल्या घोड्यावर पहिल्यांदा कुणी बसायचं, पुराच्या नदीत पहिला घोडा कुणी घालायचा, तर बहुतेकदा या कृष्णवर्णीय पोरांनीच. आणि टोळीचा मुकादम व्हायची पाळी क्वचितच येई. गावात पोचल्यावर तर विचारूच नका.

मला स्वतःला नॅटपेक्षा दोघे जास्त आवडतात. एक डॅनियल वॉलेस. जन्म १८६०, टेक्सास, तोही गुलामीतला. किशोरवयात पळून गुरांच्या टोळीत शिरला. नंतर क्ले मान नावाच्या मालकाकडे लागला. मानच्या गुरांवर मालकीची खूण म्हणून ८० या आकड्याचा डाग दिलेला असे, म्हणून हा ‘एटी जॉन’. तीस डॉलर पगारातले पाचच हातात घ्यायचे आणि पंचवीस मालकाकडे साठवायचे, असं दोन वर्षं चाललं. त्यातून स्वतःची गुरं घेतली, पुढे जमीन. पंचविसाव्या वर्षी तो शाळेत गेला. दुसरीत. एवढा मोठा बाप्या त्या बाकावर कसा मावला असेल, कोण जाणे.

दुसरा जॉर्ज मॅकजंकिन. याने मालकाच्या मुलांना घोडे माणसाळवायला शिकवलं आणि बदल्यात त्यांच्याकडून अक्षरं शिकून घेतली. न्यू मेक्सिकोत गुरांच्या मळ्याचा मुकादम झाला, म्हणजे अपवाद होते. १९०८च्या पुरानंतर फॉल्सम गावाजवळ कुंपण बघत फिरताना खचलेल्या ओढ्यात त्याला प्रचंड हाडं दिसली. ही आजच्या गव्यांची नव्हेत, हे त्याने ओळखलं आणि भेटेल त्याला सांगत राहिला. तो १९२२ला वारला. खोदकाम सुरू झालं १९२६ला. त्या हाडांत माणसाने घडवलेली दगडी भाल्याची टोकं निघाली, आणि अमेरिकेत माणूस हिमयुगाच्या अखेरीस होता हे मान्य करावं लागलं.

वाचायला नॅटचंच पुस्तक द्या. इंटरनेटवर फुकट आहे, इंग्रजी जुनं पण सोपं. शिंगरांचा भाग सुरुवातीलाच आहे. डॉज सिटीचं साल मात्र त्याला आधी सांगू नका, स्वतः पकडतो का बघा.