लाईट जाते आणि मी आईशी खोटं बोलते

सांगलीच्या एका मुलीचं पत्र आलंय, नायजेरियातल्या लागोसवरनं. लग्नाला दीड वर्ष, नवऱ्याची नोकरी तिकडं. दिवसातनं चार-पाच वेळा लाईट जाते, बिल्डिंगचा जनरेटर रात्री अकराला बंद, इडलीचं पीठ अर्धवट वाटलेलं मिक्सरमधेच राहतं. नवरा ऑफिसच्या एसीत बसून म्हणतो अॅडजस्ट कर, आता बाल्कनीत छोटा पेट्रोल जनरेटर बसवायचं म्हणतोय. आईला यातलं काही माहीत नाही, कॉल कट झाला की "नेटवर्क गेलं गं". मावशी, परत येऊ का?

अगं पोरी, पहिलं म्हणजे तो बाल्कनीतला जनरेटर अजिबात नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेत माणूस जातं आणि कळत पण नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टर घ्या, दीडशे एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर दोन पंखे, दोन-तीन एलईडी आणि वायफाय एवढ्यात रात्र निघते. फ्रिज त्यावर टाकू नको, दार उघडलं नाही तर चारेक तास तो तसाच थंड राहतो. आणि लाईट आली की लगेच फ्रिज चालू करायचा नाही, व्होल्टेज जरा बसू दे.

बाकी हे तुझ्या एकटीच्या नशिबाचं नाही गं. वीस कोटींच्या वर माणसं, आणि अख्ख्या देशाच्या ग्रीडवर साधारण ४ ते ५ हजार मेगावॉट, आपली एकटी मुंबई उन्हाळ्यात ४ हजाराच्या आसपास खाते! लाईट आली की तिकडची पोरं "अप नेपा" ओरडतात ना, ते नेपा म्हणजे जुनं वीज बोर्ड, २००५ लाच गेलं, ओरडणं राहिलं. आमच्या गल्लीत "आली रे आली" व्हायचं तसंच.

मी साताऱ्याची. कोयना धरण आमच्याच जिल्ह्यात, प्रकल्प १९६० मेगावॉटचा, आणि आम्ही लोडशेडिंगचं टाईमटेबल फ्रिजवर चिकटवून पोरांचे अभ्यास कंदिलावर घेतलेत. तुझ्या आईने सांगलीत काय वेगळं केलं असणार? ज्या कामात ती पटाईत, नेमकं तेच तू तिच्यापासून लपवतेस. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सांडगे, फ्रिज नसला तरी काय काय टिकतं ते तिलाच विचार, शेंगदाणे तर तिथं हवे तेवढे मिळतात.

नवऱ्याला एका शनिवारी दुपारी लाईट गेल्यावर तुझ्यासोबत घरी बसव, लॅपटॉप न घेता, आणि पीठ त्यालाच वाटू दे. मग अॅडजस्ट म्हणू दे.

परत यायचं का? लाईटपायी येऊ नको. दिवसभर बोलायला कुणी नाही म्हणून यावंसं वाटत असेल (मला पत्रावरनं तेच वाटलं हां) तर ते वेगळं पत्र आहे, ते पण लिही.

आज रात्री आपल्या साडेआठला आईला फोन लाव, तुझ्याकडं दुपारचे चार वाजलेले असतील. मधेच लाईट गेली तर सरळ सांग, लाईट गेली. पैज लावते, ती आधी दूध तापवलंस का विचारणार.