बस्त्याला एवढी माणसं कशाला?

प्रिय सई,

मावशीच्या लग्नाचा बस्ता व्हिडिओ कॉलवर बघून तू विचारलंस, "कपडे मावशीचे, मग दुकानात दोन्हीकडची इतकी माणसं का? आणि तिच्या सासूच्या काकूला साडी कशाला?" तेव्हा घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट लिहिते.

नवरीचा शालू ठरला की बस्त्याचं खरं काम सुरू होतं, ते मानाच्या साड्यांचं. वरमाई, आजेसासू, आत्या, करवली. आजीच्या हातात यादी असते आणि त्यात नाव असणं म्हणजे तुम्ही आमच्यातले, हे सगळ्यांसमोर मान्य करणं. म्हणून ती काकू. परवापर्यंत अनोळखी असलेली दोन घरं लक्ष्मी रोडवरच्या दुकानात गादीवर दिवसभर शेजारी बसतात. कोण हात आखडतं, कोण नवरीला तिची आवड विचारतं, पैशाचा विषय कोण कसा काढतं, सगळं तिथेच कळतं. बऱ्याच घरांत मामा भाचीला पिवळी साडी देतो, अष्टपुत्री. ती नेसून नवरी गौरीहर पुजते. तिच्याकडे कितीही पैसे असोत, ही साडी मामाकडूनच यावी लागते, कारण तिच्यातून आईचं माहेर लग्नाला उभं राहतं.

इथे आपण एकेकटे, फोनवर, आपल्यापुरतं घेतो. ही पद्धतही हळूहळूच घडली. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' दुकानात १८५२ साली आरिस्तीद बुसिको भागीदार झाला आणि तिथे वस्तूंवर ठरलेली किंमत लिहिली जाऊ लागली. घासाघीस संपली, बोलणंही कमी झालं. पण येईल त्याला एकच भाव, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारण मान मोजला जातो, सई. कोणाची साडी भारी, कोणाची हलकी, यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेला मी पाहिलाय. नवरा गेलेल्या बाईला कुठली साडी द्यायची यावर अजून कुजबुज होते, त्याचा मला संताप येतो. लग्नापायी लोक कर्जात बुडतात. १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी भटजीशिवाय, थोडक्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली ती उगाच नाही. हल्ली पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तेही मला आवडतं.

तरी बस्ता बंद व्हावा असं मला वाटत नाही. मी आजीला एवढंच सांगितलं, की यादी हवी तेवढी लांब कर, पण सगळ्या साड्या एकाच किमतीच्या घे. ती आधी कुरकुरली, "विहिणीला आणि शेजारणीला सारखीच?" म्हणाली. मग तयार झाली.

तुझ्या परकर-पोलक्यासाठी मावशीने दोन रंग बाजूला ठेवलेत. रविवारी फोनवर तिला सांग, कुठला हवा ते.

तुझी,
आई