ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला मड टायर घालावेत का?

प्रश्न : गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आणि थोडे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. मिनी ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून आम्ही तो आसपासच्या गावांत भाड्याने नेतो आणि महिन्यातून दोन-तीन वेळा चोर्ला घाटातून खानापूरच्या बाजूलाही नेतो. मुख्य रस्त्यापासून बागायतीपर्यंतची दीड किलोमीटरची वाट मातीची असून जून ते सप्टेंबर तिच्यावर तीन ठिकाणी गाडी हमखास रुतते. पिकअप फोर बाय फोर आहे आणि कंपनीचे टायर २६५/६५ आर १७ मापाचे आहेत. काट्यावर वजन करून पाहिले, तेव्हा ट्रेलर आणि ट्रॅक्टर मिळून १,५०० किलो भरले, तर हौदा भरलेला आणि ट्रेलर सोडलेला असताना पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर १,२५० किलो भरले. टायरवाला म्हणतो की मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या, विरळ ठोकळ्यांचे टायर घ्या, तेही १० प्लायचे आणि एक माप मोठे, म्हणजे २६५/७० आर १७. त्याचे ऐकावे का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आपण गाडी काट्यावर नेऊन आकडे कळवलेत, त्यामुळे या उत्तराला अंदाजाऐवजी हिशेबाचा आधार मिळाला आहे. टायर विचारणारे बहुतेक वाचक फक्त नक्षीबद्दल विचारतात. परंतु जी गाडी ट्रेलर ओढते, तिच्या बाबतीत आधी भार, मग हवा, मग ओल्या डांबरावर गाडी थांबण्याची क्षमता आणि त्यानंतर चिखल, याच क्रमाने विचार करावा असे माझे ठाम मत आहे.

प्रथम भार पाहू. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा असा संकेत आहे; तो फार कमी झाला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो. आपल्या बाबतीत हे वजन १५० किलो होते. मात्र हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर १५० किलोपेक्षा जास्त भार पडतो आणि पुढचा ॲक्सल तेवढ्या प्रमाणात हलका होतो. दोन्ही ॲक्सलमधील अंतर ३.१ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून हुकापर्यंतचे अंतर १.२ मीटर धरले, तर मागे सुमारे २०८ किलो वाढतात आणि पुढून सुमारे ५८ किलो कमी होतात. म्हणजे मागच्या ॲक्सलवर एकूण १,४५८ किलो, अर्थात प्रत्येक टायरवर साधारण ७३० किलो. आपल्या मापाच्या टायरच्या बाजूवर सहसा ११२ हा भारांक छापलेला असतो आणि त्याचा अर्थ त्या एका टायरची क्षमता १,१२० किलो आहे असा होतो. तेव्हा केवळ भारासाठी १० प्लायच्या टायरची गरज आपल्याला नाही. मागच्या ॲक्सलची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आणि ट्रेलर ओढण्याची परवानगी असलेले वजन मात्र गाडीच्या पुस्तिकेत अवश्य पाहावे, कारण टायर पुरेसा असला तरी ॲक्सल, ब्रेक आणि चासी तेवढ्याच क्षमतेचे असतील असे नाही.

१० प्लाय म्हणजे दहा थर असाही समज आहे. आजच्या रेडियल टायरमध्ये प्रत्यक्ष थर त्याहून पुष्कळ कमी असतात; ‘१० प्लाय’ किंवा ‘लोड रेंज ई’ ही मजबुतीची जुन्या पद्धतीने सांगितलेली प्रत आहे. अशा टायरवर २६५/७० आर १७ मापात १,४५० किलोपर्यंतचा आकडा लिहिलेला दिसतो, पण तो ८० हवेला (पीएसआय) लागू आहे. ३५ हवा भरली तर तोच टायर त्याहून पुष्कळ कमी भार पेलतो, किंबहुना तेवढ्याच भारासाठी त्याला साध्या टायरपेक्षा अधिक हवा लागते. आणि हौदा रिकामा असताना एवढा ताठ टायर खडबडीत वाटेवर उड्या मारतो, जमिनीला नीट टेकत नाही आणि पकड गमावतो. आपल्या वाटेवर जांभ्याचे धारदार तुकडे असतील आणि टायरची बाजू फाटण्याचा अनुभव यापूर्वी आला असेल, तर ‘एलटी’ (लाइट ट्रक) अक्षरे असलेला, लोड रेंज सी म्हणजे ६ प्लाय प्रतीचा टायर घेणे योग्य ठरेल. मात्र त्याची हवा गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने मूळ टायरसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे न भरता त्या टायरच्या उत्पादकाच्या भार-हवा तक्त्यावरून ठरवावी लागेल.

आता चिखलाकडे वळू. ‘चिखल’ हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि टायर निवडताना नेमकी तिथेच चूक होते. सत्तरीतील तांबड्या मातीच्या वाटेवर पावसात वर बोटभर निसरडा थर होतो आणि खाली जांभ्याचा कठीण तळ असतो. तिथे चाक रुतत नाही, घसरते. अशा ठिकाणी टायरच्या नक्षीतील जवळजवळ बसवलेले रबरी ठोकळे आणि त्यांवरील केसासारख्या बारीक चिरा पकड देतात, कारण त्यांच्या अनेक कडा त्या पातळ थराला कापून तळापर्यंत पोहोचतात. मड टायरचे ठोकळे मोठे आणि विरळ असतात, त्यांच्यावर बारीक चिरा कमी असतात आणि कडांची एकूण लांबी त्यामुळे घटते. जिथे माती हातभर खोल आणि मऊ आहे, तिथे मात्र हीच रुंद खोबण मातीला धरते, चाक फिरताना ती बाहेर फेकते आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा मोकळी होते. तिसवाडीतील खाजन शेताच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या) बांधाजवळ मी स्वतः मड टायरची गाडी अडकलेली पाहिली आहे. भरतीच्या पाण्याने पोसलेली ती चिकण माती खोबणींतून सुटतच नव्हती आणि चारही चाके मातीने लिंपलेल्या गुळगुळीत रुळांसारखी जागच्या जागी फिरत होती. मड टायर हा प्रत्येक चिखलावरचा इलाज नव्हे, हे मला त्या दिवशी पटले.

आपल्या वाटेवरील ती तीन ठिकाणे यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत, हे एक लोखंडी सळई खुपसून पाहावे. चार-पाच बोटांवर कठीण तळ लागला तर मड टायरची गरज नाही. सळई हातभर आत गेली तर टायर घेण्याआधी तिथले पाणी बाजूला काढणारे गटार खोदावे आणि चिऱ्यांच्या खाणीवरचे तुकडे टाकून तळ भरावा. तीन जागा दुरुस्त करण्याचा खर्च पाच नव्या टायरांच्या खर्चापेक्षा बहुधा कमी येईल आणि त्याचा उपयोग ट्रेलरच्या चाकांनाही होईल. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पिकअपला कितीही चांगले टायर घातले तरी मागून येणारी ट्रेलरची चाके स्वतःच्या बळावर फिरत नाहीत. ती चिखलात नांगरासारखी ओढली जातात आणि गाडी अडकते ती बहुतेक वेळा त्यांच्यामुळे. शिवाय ट्रेलरवर ट्रॅक्टर आहे. चिखलासाठी मुद्दाम घडवलेली मोठी, खोल दातांची चाके त्याच्यापाशी आहेत. पावसाळ्यात ट्रेलर मुख्य रस्त्यालगत सुरक्षित जागी सोडावा, ट्रॅक्टर उतरवून स्वतःच्या चाकांवर आत न्यावा आणि पिकअप एकटी आत न्यावी.

यानंतर चोर्ला घाट. पावसाळ्यात तिथे धुके, वळणे आणि सतत ओला रस्ता असतो आणि आपल्या मागे दीड टन वजन असते. मड टायरचा तोटा इथे जास्तीत जास्त जाणवतो. डांबराला टेकणारे रबर कमी, उंच ठोकळे वळणावर आडवे वाकणारे, त्यामुळे गाडी किंचित उशिरा वळते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला अधिक अंतर घेते. पुढच्या चाकांवरचे ५८ किलो हुकामुळे आधीच कमी झालेले आहेत, हेही लक्षात घ्यावे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर टायरांवर खर्च करण्याआधी ते बसवून घेण्याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आवाज, डिझेलचा वाढता खर्च आणि डांबरावरची लवकर झीज हे मड टायरचे दोष सर्वांना ठाऊक आहेत, त्यांवर अधिक लिहीत नाही.

एक माप मोठा टायर घेऊ नये. २६५/७० आर १७ चा व्यास सध्याच्या टायरपेक्षा सुमारे २७ मिलिमीटरने, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण गाडीची जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, १३ मिलिमीटर वाढते. त्याबदल्यात प्रत्येक गिअरमधील ओढ तेवढ्याच टक्क्यांनी घटते, ब्रेकला अधिक बळ लागते आणि वेगाचा काटा ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या जवळ धावते. घाटात वजन ओढणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यातच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत, त्यामुळे अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण नको.

तेव्हा माझा सल्ला असा : सध्याच्याच मापाचे, ११२ किंवा त्याहून अधिक भारांकाचे ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर घ्यावेत, आणि स्टेपनीसह पाचही एकाच प्रकारचे घ्यावेत. टायरच्या बाजूवरील चार अंकी क्रमांक पाहावा. तिथे २३२४ असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. आयएसआय चिन्हही तपासावे. चिखलात जाताना हवा ३५ वरून २५ पर्यंत उतरवली, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. परंतु ट्रेलर जोडून रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरची बाजू वजनाखाली सतत दुमडते, आतून तापते आणि घाटातच फुटू शकते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप आणि विश्वासाचा हवामापक गाडीत ठेवावा. वाट दुरुस्त करूनही एक पावसाळा अडचणीचा गेला, तर जुन्या बाजारातून त्याच मापाच्या रिमांचा वेगळा संच घेऊन त्यावर मड टायर चढवावेत आणि ते फक्त बागायतीच्या कामापुरते वापरावेत.

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी मड टायर फक्त मागच्या दोन चाकांना घातले तर चालेल का?
– एक वाचक, सांगे

उत्तर : चालणार नाही. ओल्या वळणावर मागची चाके आधी सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि मागे ट्रेलर असेल तर तो गाडीला आडवा येतो. फोर बाय फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरांच्या व्यासातील फरकाचा ताण थेट गिअरच्या पेटीवरही पडतो.

प्रश्न : शापोऱ्याजवळ आम्ही फायबरची होडी ट्रेलरने रॅम्पवरून वर ओढतो. चाके शेवाळावर घसरतात. मड टायरचा उपयोग होईल का?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : शेवाळाखाली सिमेंट आहे आणि त्यात मड टायरच्या ठोकळ्यांना रुतायला जागा नाही, त्यामुळे उपयोग होणार नाही. ओहोटीच्या वेळी रॅम्प तारेच्या झाडूने घासून घ्यावा, हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूच्या गोणी ठेवाव्यात, लो गिअरमध्ये चाक न फिरवता सावकाश ओढावे आणि शक्य असल्यास लांब दोर लावून गाडी वरच्या कोरड्या भागावरच उभी करावी. खाऱ्या पाण्यात उतरलेली चाके, रिम आणि ट्रेलरचे बेअरिंग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत.