बिबट्याच्या भीतीने बंदूक घेऊ का?

प्रश्न : आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयना अभयारण्याच्या हद्दीला अगदी लागून. थ्री फेज लाईट आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीचीच असते, त्यामुळं उसाला पाणी पाजायला मी एकटाच मळ्यात जातो. मागच्या महिन्यात बांधावर बिबट्याचे ठसे दिसले आणि शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उचललं. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडं डोंगरात फिरायला जाताना लोक कमरेला पिस्तूल लावून जातात आणि ते कायद्यात बसतं. मला तसं लायसन्स मिळेल का? आणि बिबट्या समोर आला तर गोळी घालता येते का?
– एक शेतकरी, ता. पाटण

उत्तर : दादा, तुमची भीती खोटी नाही हे आधी सांगतो. रात्री दोनला उसाच्या फडाकडेला बॅटरी घेऊन एकट्यानं उभं राहणं काय असतं हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळं "घाबरू नका" असलं काही मी लिहिणार नाही.

मावसभाऊ सांगतात ते खरंय. अमेरिकेत २०१० पासून नॅशनल पार्कमध्येसुद्धा, त्या त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर, बंदूक जवळ ठेवता येते. पण जवळ ठेवायला परवानगी आहे म्हणजे झाडायला आहे असं तिथंही नाही, आणि यलोस्टोनसारख्या ठिकाणी पार्कवाले स्वतःच सांगतात की अस्वलासाठी तिखटाचा स्प्रे जवळ ठेवा. आपल्याकडं तर सगळी गाडी उलटीच चालते. १९५९ चा शस्त्र कायदा म्हणतो आधी लायसन्स, मग बंदूक, आणि विनालायसन्स बंदूक सापडली की २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद. गावठी कट्ट्याचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका.

लायसन्स मिळेल का? अर्ज कलेक्टर ऑफिसला करायचा, वय २१ च्या पुढं पाहिजे, मग पोलिस चौकशी, डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळायच्या ट्रेनिंगचा दाखला, घरात ती कुठं आणि कशी कुलपात ठेवणार ते लिहून द्यायचं. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स कायद्यात वेगळं सांगितलंय. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत ती अशी, की वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन बंदुकीचं लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे वनखात्यातल्या राज्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची, आधी संमती लागते. तुमचं गाव हद्दीला लागूनच आहे म्हणजे तुम्ही त्यात आलातच. पैसे घेऊन "महिन्यात करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला ही संमती कुठाय ते विचारा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, अपील करता येतं.

समजा मिळालं लायसन्स. ती बंदूक खांद्याला लावून कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकलं तर तो वेगळा गुन्हा, लेखी परवानगीशिवाय हत्यार आत नेता येत नाही (कलम ३१). कोयना आणि चांदोली मिळूनच २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय, तिथं गार्ड लोकांची गस्त असते.

आता गोळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ आहे, स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना चांगल्या हेतूनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा धरत नाहीत. माणसाचा जीव, हे नीट वाचा. गोठ्यातलं वासरू, शेळी, कोंबड्या यात येत नाहीत. बांधावर नुसता बसलेला बिबट्या येत नाही, पळून जाणारा तर नाहीच. आणि त्या वेळी तुम्हीच शिकारीला किंवा फासे लावायला गेला असाल तर ही सवलत संपली. मेलेलं जनावर सरकारचं, नखाला हात लावायचा नाही. बिबट्या आणि गवा दोन्ही शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, शिकार ठरली तर तीन ते सात वर्षं.

पण मला खरं सांगायचंय ते कायद्याच्या पलीकडचं. माझ्या चुलत्यांकडं राखणीची ठासणीची बंदूक होती. एका रात्री मक्यात खसफस झाली, डुक्कर असणार म्हणून त्यांनी नेम धरला आणि घोडा दाबणार तेवढ्यात आतनं कुणीतरी खोकलं. शेजारी दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतनं दुसरीत वळवायला आला होता. चुलते घरी आले ते सकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि त्याच आठवड्यात बंदूक पोलिस स्टेशनला जमा केली. उसात रात्री हात-दीड हातापलीकडं काही दिसत नाही हो, बिबट्या आला तर बार भरायला वेळ मिळत नाही आणि वेळ मिळाला तर तो बहुतेक वेळा बिबट्या नसतो.

म्हणून एकटं जाऊ नका, दोन वस्त्यांची पाळी एकत्र लावा. लांबवर पडणारी बॅटरी, घुंगराची काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो, तेव्हा दारं मोडताना एकानं उभं राहायचंच. समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, हात वर करून ओरडत मागं सरका. ठसे दिसले की वनविभागाच्या १९२६ ला फोन लावा. आणि मूळ दुखणं रात्रीच्या लाईटीचं आहे, ते सोडू नका : सौर कृषी पंपाचा अर्ज भरा, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आपलं फीडर (शेतीला वीज देणारी लाईन) घ्या म्हणून ग्रामसभेत ठराव करा. बंदुकीमागं जेवढे हेलपाटे घालाल तेवढेच इकडं घाला, दिवसा पाणी मिळालं तर पोरंबाळं रात्री तुमची वाट बघत जागी राहणार नाहीत.

प्रश्न : एअरगनला लायसन्स लागत नाही असं ऐकलं. शिराळ्याकडं आमच्या वस्तीवर ठेवली तर चालेल का?
– एक गृहिणी, ता. शिराळा

उत्तर : ताई, कमी ताकदीच्या, ४.५ मिमी छर्ऱ्याच्या एअरगनला लायसन्स लागत नाही हे बरोबर. पण त्या छर्ऱ्यानं बिबट्या मरत नाही, चिडतो. पक्ष्यावर किंवा सशावर मारला तरी वन्यजीव कायदा लागतोच, आणि चांदोलीच्या आत तीही हत्यारच. घरात पोरं असतील तर डोळ्याची भीती वेगळी. त्या पैशात गोठ्याला वरनं जाळी आणि दाराला पत्रा बसवून घ्या.